कोथरूड डेपोच्या मेट्रो स्थानकावर काय दिसणार?

वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. तेव्हा घराघरांत चर्चा होती ती तिकिटाची आणि पार्किंगची. स्थानक दिसतं कसं, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. मार्ग पुढे सरकला तसं डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान स्थानकांनी लक्ष वेधलं. त्यांची छपरं मराठा पगडीच्या आकाराची आहेत. इथे सजावट वरून चिकटवलेली नाही, छप्परच कलाकृती आहे. आम्हाला ती आवडली. ही पगडी आपल्यालाही परकी नाही; शिवरायांच्या आरमारात दौलतखान होते, हे मुलांना सांगायला तिथे चांगलं निमित्त मिळतं.

पण शहराची ओळख म्हटली की दरवेळी किल्ला, वाडा, पगडी एवढंच का? कोथरूडच्या स्थानकांची नावंच बघा. वनाज हे एका कारखान्याचं नाव. नळस्टॉप म्हणजे नळाजवळचा बसथांबा. कामगारांची पाळी, पाण्याची रांग, बसची वाट, असा सगळा साधा इतिहास या दोन नावांत आहे. आणि गॅरेज, वेल्डिंग, रंगकाम, प्लंबिंगमध्ये आपली किती माणसं आहेत, हे सांगायला आकडेवारी लागत नाही.

मुंबईचं सीएसएमटी १८८८ मध्ये पूर्ण झालं. वास्तुरचना एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची, पण तिथल्या कोरीवकामाचा मोठा भाग जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचा. इंग्रज राजवटीत, राणीच्या नावाने बांधलेल्या स्थानकातही इथल्या मुलांच्या छिन्नीला जागा मिळाली! आज पुण्यात कला महाविद्यालयं आहेत, त्यांत आपल्या मुलीही शिकतात. त्यांना बोलवायला काय हरकत आहे?

हा विषय आत्ताच काढायचं कारण आहे. जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वनाज ते चांदणी चौक या १.१२ किलोमीटरच्या उन्नत मार्गाला मंजुरी दिली. त्यावर स्थानकं दोनच, कोथरूड बस डेपो आणि चांदणी चौक. डेपोच्या भिंतीवर चालक, कंडक्टर, मेकॅनिक यांना जागा मिळावी, असं आम्हाला वाटतं. नगरसेवकांकडे, महामेट्रोकडे लेखी सूचना आत्ताच गेल्या पाहिजेत. मोहल्ला कमिटीने, महिला बचत गटाने एक पानाचं पत्र दिलं तरी चालेल. आराखडा पक्का होऊन काँक्रीट पडलं की मग उरतं ते फक्त खांबांना रंग लावणं.