उन्हाळी लागली, पण कागदावर लिहिली कुणी?



आमच्या कळंब्याच्या गटाच्या बैठकीला एक वहिनी येतात. कोल्हापुरात एका कपड्याच्या दुकानात कामाला आहेत. मध्यंतरी त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून दवाखान्याचे चार कागद काढून माझ्यापुढे ठेवले. अकरा महिन्यांतले चार कागद. पहिल्यावर नुसती दोन औषधांची नावं. दुसऱ्यावर ‘अशक्तपणा’. तिसऱ्यावर ‘पांढरं जाणं’. चौथा कागद म्हणजे दवाखान्यातून घरी सोडतानाचं कार्ड. थंडी वाजून ताप आला, कुशीत कळा मारू लागल्या, म्हणून त्यांना दाखल करावं लागलं होतं. त्या कार्डावर आजाराचं नाव फक्त ‘यूटीआय’.

‘‘चारी वेळेला मी एकच सांगितलं होतं ताई, उन्हाळी लागलीया म्हणून,’’ त्या म्हणाल्या. त्यांचं ते वाक्य चारांपैकी एकाही कागदावर नव्हतं. सकाळी नऊला घर सोडायचं, रात्री आठला परतायचं, दुकानात बायकांसाठी मुतारी नाही, म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही, हेही कुठे नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

शेवटच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘‘याआधी किती वेळा झालं? लघवीची कल्चर तपासणी केली होती का? कोणतं अँटिबायोटिक, किती दिवस घेतलं?’’ कागदांत उत्तर नव्हतं. हा आजार बहुतेक वेळा ई-कोलाय या जंतूमुळे होतो. बाईचा मूत्रमार्ग आखूड असल्याने जंतू मूत्राशयात लवकर पोचतात. वेळेवर नीट उपचार झाले नाहीत तर ते किडनीपर्यंत जातात. अर्धवट घेतलेल्या औषधांना जंतू दाद देईनासे होतात. म्हणून आधी काय दिलं होतं हे पुढच्या डॉक्टरला कळणं हा उपचाराचाच भाग आहे. आपण मात्र नोंद म्हणजे कारकुनी समजतो.

कागदाचा प्रवास तिथेच संपत नाही. मोठ्या रुग्णालयांत प्रत्येक आजाराला एक संकेतांक दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली आणि १९९४ पासून देशोदेशी वापरात आली. जानेवारी २०२२ पासून अकरावी लागू झाली असली तरी आपल्याकडे रुळलेली आहे ती दहावीच. तिच्यात मूत्राशयाच्या दाहाला एन ३० हा संकेतांक आहे, किडनीच्या तीव्र संसर्गाला एन १०, गरोदरपणातल्या संसर्गाला ओ २३. आणि एन ३९.० म्हणजे ‘मूत्रमार्गाचा संसर्ग, जागा नमूद नाही’. संकेतांक देणारा कर्मचारी डॉक्टरने लिहिलं तेवढंच धरू शकतो. नुसतं ‘यूटीआय’ लिहिलं की एन ३९.०. म्हणजे आमच्या वहिनींच्या किडनीपर्यंत गेलेलं दुखणं त्याच ढिगात गेलं. आणि आधीच्या तीन खेपा? त्या तर कुठेच मोजल्या गेल्या नाहीत.

याच वर्गीकरणात आजारामागच्या परिस्थितीलाही जागा आहे. पिण्याच्या पाण्याची अपुरी सोय – झेड ५८.६. राहण्याची अपुरी सोय – झेड ५९.१. नोकरीशी संबंधित अडचणी – झेड ५६. आमच्याकडे बायका जे कागद घेऊन येतात, त्यांवर झेडने सुरू होणारी एकही नोंद मी आजवर पाहिलेली नाही. त्यामुळे आजार बाईच्या शरीराच्या नावावर जमा होतो आणि मुतारी न बांधणारा मालक नामानिराळा राहतो.

न विचारलेलं दिसत नाही, हे आपल्या चळवळीला नवीन नाही. गडचिरोलीच्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध झाली, तेव्हा कळलं की ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आहे आणि त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. आणि २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ऊसतोडणीच्या टोळ्या आपल्या जिल्ह्यातही येतात. फडात ना आडोसा, ना पुरेसं पाणी. ओटीपोटात दुखणं लघवीच्या संसर्गानेही होतं. लघवी न तपासता, आधीची नोंद न पाहता सगळं खापर पिशवीवर फुटू नये, एवढं तरी आपण मागायला हवं.

काही मैत्रिणी म्हणतात, लिहूनच घोटाळा होतो. केसपेपरच्या खिडकीत मोठ्याने विचारतात, रांगेत सासू असते, ‘संसर्ग’ हा शब्द वाचून नवरा विचारतो, कुणाकडून आणलास? ही भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. उन्हाळी लागणं म्हणजे गुप्तरोग नव्हे, हे आधी घरातल्यांना सांगावं लागेल. विचारपूस आडोशाला व्हावी आणि कागद बाईच्याच हातात द्यावा, ही मागणी त्यासोबतच केली पाहिजे. पण लाजेपोटी कागद कोरा ठेवला तर त्याची किंमत बाईच्या किडनीला मोजावी लागते.

मग आपण काय करायचं? दवाखान्यातून उठण्याआधी म्हणायचं, ‘‘डॉक्टर, आजाराचं नाव लिहा. दिवस गेलेत, तेही लिहा. हे कितव्यांदा झालंय, तेही लिहा.’’ दाखल झालेल्या रुग्णाचे कागद ३ वर्षं जपून ठेवावेत आणि मागितल्यावर ७२ तासांच्या आत द्यावेत, असं डॉक्टरांसाठीचे २००२ चे नियम सांगतात. रुग्णाला कागद नाकारता येत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच स्पष्ट केलं आहे. तेव्हा मागताना संकोच नको.

आणि एक वही. दोनशे पानी नको, चाळीस पानी पुरे. तारीख, त्रास स्वतःच्या शब्दांत, ताप होता का, लघवी तपासली का, गोळीचं नाव आणि दिवस. शेवटचा रकाना कामाच्या जागेचा: मुतारी आहे का, पाणी आहे का. जिला लिहिता येत नाही तिची वही शेजारणीने किंवा मुलीने लिहावी. वहिनींनी त्यांची वही सुरू केली आहे.

पुढच्या अंकापर्यंत प्रत्येक गटाने निदान दहाजणींच्या नोंदी, त्यांना विचारून आणि नावं वगळून, आमच्याकडे पाठवाव्यात. त्या शेवटच्या रकान्याची बेरीज घेऊन आपल्याला मालकांकडे, कारखान्यांकडे आणि नगरपालिका-महापालिकांकडे जायचं आहे.