आता आश्रयदाता श्रोताच

आमच्या फतेगंजला रात्री झोपण्याची घाई नसते. एकीकडे विद्यापीठ, दुसरीकडे लष्करी छावणीचा परिसर, मध्ये जुनी चर्चेस आणि रस्त्याच्या दुतर्फा खाण्याच्या गाड्या. रात्री साडेनऊला दवाखाना बंद करून निघालो की चार पावलांवर पंजाबी, चिनी, इटालियन, हवे ते खायला मिळते. मिळत नाही ती एकच गोष्ट : कलावंताच्या समोर, हाताच्या अंतरावर बसून संगीत ऐकण्याची छोटीशी जागा. संगीतनगरी म्हणविणाऱ्या बडोद्याला ही उणीव शोभत नाही, आणि ती भरून काढण्यात आपण डॉक्टर मंडळींनी पुढाकार घ्यावा, असे मला वाटते.

अशा जागेचे मोल मला जॅझमुळे कळले. न्यूयॉर्कमधील ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ हा क्लब १९३५ सालापासून तळघरातल्या एका खोलीत चालतो. आसने अवघी १२३. वादक प्रथम एक धून मांडतात. मग तिच्याच आवर्तनावर एकेक जण आपापला विस्तार करतो, बाकीचे त्याला साथ देतात आणि अखेरीस सारे मूळ धुनेवर परततात. बंदिश, उपज आणि सम जाणणाऱ्या आपल्या श्रोत्याला यात परके काय आहे? ड्रमवादकाने भुवई उंचावताच पियानोवाला सावध होतो, आणि समोरच्या माणसाने नकळत सोडलेला सुस्काराही वादकापर्यंत पोहोचतो. ध्वनिमुद्रणात स्वर राहतात, हा व्यवहार राहत नाही.

हे संगीत आपल्याकडे फार पूर्वी आले. त्याच १९३५ साली लिऑन ॲबे या अमेरिकन व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफोर्ड आले. (वेदरफोर्ड १९४५ मध्ये कलकत्त्यात पटकीने गेले, हे वाचून डॉक्टराच्या मनाला चुटपुट लागते.) चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेल्या गोमंतकीय तरुणांनी ही विद्या आत्मसात केली. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट गाजवू लागले. पुढे ते आपल्या सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात आले आणि १९५१ च्या ‘अलबेला’मधून जॅझची लय मराठी माजघरापर्यंत पोहोचली. ही गाणी गुणगुणणाऱ्या आपल्या मातापित्यांनी नकळत जॅझलाच दाद दिली होती.

प्रश्न आहे तो पैसा कोणी द्यायचा हा. ताजमध्ये तो धनिकांच्या नृत्य-पानातून येत असे. बडोद्यात तो दरबारातून येई. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या काळात मौलाबक्षांनी १८८६ साली येथे गायनशाळा सुरू केली. संस्थानचा स्वतंत्र ‘कलावंत कारखाना’ होता. उस्ताद फैयाज खाँ दरबारगायक होते. मात्र १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा झाला. बडोद्याचा दरबार गेला, मुंबईतील वाद्यवृंदांचा आधारही खचला. कित्येक वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. दोन्ही जुने आश्रयदाते गेले. तिसरा, म्हणजे श्रोता, अजून जागेवर यायचा आहे.

“दारूबंदीच्या गुजरातेत कसला जॅझ क्लब!” असे मित्र थट्टेने म्हणतात. न्यू ऑर्लीन्समध्ये १९६१ साली सुरू झालेला ‘प्रिझर्व्हेशन हॉल’ हे त्यांना उत्तर आहे. जॅझच्या जन्मगावी, मद्यासाठी ख्यात असलेल्या वस्तीत, तो मद्य न विकता उभा राहिला. साधी बाके, जमिनीवर बैठक आणि दाराशी तिकीट. उलट, मुंबईचा ‘ब्लू फ्रॉग’ २००७ साली थाटात उघडला. तेथे मद्यालय होते, उपाहारगृह होते, तरी तो २०१६ मध्ये बंद झाला. म्हणजे पेला असला की संगीत तगतेच असे नाही.

दुसरा आक्षेप आवाजाचा, आणि तो डॉक्टरांनी घेणे योग्यच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. १९७८ साली जेथे पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली आणि सॉनी रॉलिन्स वाजवून गेले, ते मुंबईचे रंगभवन याच नियमांमुळे मैफलींना मुकले. बालरोगतज्ज्ञ या नात्याने मी नियमाच्या बाजूने आहे. अर्भकाची झोप कोणत्याही मैफलीहून मोलाची. परंतु बंद दाराच्या खोलीत ऐंशी माणसांसाठी ध्वनिक्षेपकांच्या भिंती लागतातच कुठे? छोटी जागा हाच येथे उपाय आहे.

खरी अडचण आपल्या सवयीत आहे. परिषदेच्या मेजवानीत कोपऱ्यात कोणी गिटार वाजवीत असतो आणि आपण त्याच्याकडे पाठ करून पनीर टिक्का खात असतो. मैफलीचा ‘पास’ मिळणे हा आपल्याला मान वाटतो. जो वर्ग स्वतःच्या विद्येचे मोल रोज घेतो, त्याने दुसऱ्याच्या विद्येचे मोल देण्यास का कचरावे?

म्हणून माझी सूचना अशी. आपल्या मंडळाने महिन्यातून एक रात्र फतेगंजातील एखादे लहान सभागृह घ्यावे. खुर्च्या ऐंशी. एक महिना शास्त्रीय बैठक, एक महिना जॅझ. परफॉर्मिंग आर्ट्स शाखेचे तबलावादक विद्यार्थी आणि चर्चच्या गायनवृंदात वाढलेली मुले एकत्र आली तर त्याहून उत्तम. डॉक्टराने तिकिटापोटी स्वतःची एका तपासणीची फी द्यावी, विद्यार्थ्याने तिचा दहावा हिस्सा. पास कोणालाही नाही, अध्यक्षांनाही नाही. आरंभ साडेनऊला, भाषण नाही, हारतुरे नाहीत. ज्यांना रुग्णालयातून बोलावणे येऊ शकते त्यांना दाराजवळची खुर्ची. आणि कलावंताचे मानधन वाजविण्यापूर्वी त्याच्या हाती.

महाराजांनी जे राज्याच्या तिजोरीतून केले, ते ऐंशी जणांनी महिन्याला एका फीच्या खर्चात करायचे आहे. पहिल्या रात्रीचे पहिले तिकीट मी घेईन. उरलेली एकोणऐंशी आपली वाट पाहत आहेत.