गुहा कुठे पळून जात नाही

मे महिन्यात चाकरमानी गावाला आले, की आंबे-फणस आणि समुद्र झाल्यावर तरुण मंडळींना डोंगर खुणावू लागतो. कणकवली तालुक्यातील कोळोशीच्या नैसर्गिक गुहेत अश्मयुगीन दगडी हत्यारे सापडली. मालवण तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावरील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. तेव्हा अशा जागा पाहाव्यात असे वाटणे साहजिक आहे, आणि चालणे प्रकृतीला चांगलेच. माझी तक्रार आहे ती वेळेबद्दल. घावणे-चटणी खाऊन निवांत दहा वाजता निघायचे आणि माथ्यावर ऊन आले असताना सडा तुडवायचा, हा हट्ट मला मान्य नाही.

‘आपल्याकडे कुठे वाळवंटासारखे ऊन?’ असे पुष्कळजण म्हणतात. पण शरीर थंड होते ते घाम आल्याने नव्हे, तर तो वाळल्याने. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो. आपल्या दमट हवेत तो नुसता ओघळतो. पाणी आणि मीठ जाते, अंग मात्र तापलेलेच राहते. त्यात जांभा खालून भाजतो आणि सड्यावर झाडाची सावली नसते. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनच्या दरीतसुद्धा उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार चालू नये, असे तेथील रक्षक बजावतात. वर्षभर पंख्याखाली बसणाऱ्या माणसाला तर उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

आपला शेतकरी उजाडतानाच कामाला लागतो आणि मीठ घातलेली पेज पितो. यात मोठे शहाणपण आहे. पेजेतून पाणी, मीठ आणि ताकद तिन्ही मिळते. तुम्हीही पहाटे निघा. माणशी तीन लिटर पाणी आणि कोकम किंवा लिंबाचे सरबत बरोबर ठेवा. रक्तदाब, हृदयविकार किंवा मधुमेह असणाऱ्यांनी मीठ-साखरेबाबत आणि गोळ्यांबाबत आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. गुहेत पोचायला उशीर झालाच, तर तिथल्या गारव्यात चार वाजेपर्यंत बसा. परतीची वाटही तेवढीच लांब असते, हे विसरू नका.

डोके दुखणे, पोटऱ्यांत गोळे, मळमळ, चक्कर ही पहिली सूचना. लगेच सावलीत बसवून घोट घोट पाणी द्या. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. मग तोंडात काही घालू नका. कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

सोबतच्यांपैकी जो सर्वांत दमलेला, त्याच्या चालीने सर्वांनी चालावे आणि तो थांबला तर सर्वांनी मागे फिरावे. यात कमीपणा कसला? हजारो वर्षे जागेवर असलेली गुहा पुढच्या रविवारीही तिथेच असेल.