येताना गाडी कोण चालवणार?

जाण्याचं प्लॅनिंग सगळेच करतात. सूर्यास्त कुठल्या बीचवर, सुरमई कुठल्या घरगुती खाणावळीत, फेरीबोटीत गाडी कधी चढवायची, प्लेलिस्ट कुणाची. त्यासाठी दोन आठवडे लिंका फिरतात, रील्स सेव्ह होतात, एक्सेल शीटसुद्धा निघते. त्या शीटमध्ये शेवटच्या दिवसापुढे मात्र एकच शब्द असतो : रिटर्न.

मला त्या एका शब्दाबद्दल बोलायचंय, आणि तेही दोघांनीच केलेल्या ट्रिपबद्दल. चार जणांच्या गाडीत निदान एक जण तरी बडबडत जागा असतो. दोघांच्या गाडीत एक जण चालवतो आणि दुसरा झोपतो.

पूर्णगडचं उदाहरण घेऊ. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या रस्त्याची कल्पना बॅ. अंतुल्यांची, १९८० च्या आसपासची. आज तो सागरी रस्ता कोकणातल्या रोड ट्रिपचा सगळ्यात लाडका रस्ता झालाय. मुरूड, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे असं करत, मध्ये दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा बोटींतून खाड्या ओलांडत चौथ्या दिवशी रत्नागिरी-पावस येतं. पावसच्या पुढे थोड्याच अंतरावर मुचकुंदी नदी समुद्राला मिळते आणि तिच्या मुखाशी पूर्णगड उभा आहे. किल्ला एवढासा. अर्ध्या तासात तटावरून फिरून होतो. पण तटावर उभं राहिलं की एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र आणि खाली पूल ओलांडून गावखडीकडे गेलेला रस्ता, असं सगळं एका नजरेत दिसतं. पुढे कशेळीचा कनकादित्य, आडिवऱ्याची महाकाली, जैतापूर. म्हणजे ट्रिप खरं तर इथे संपायला नको असते. पण सुट्टी संपलेली असते. अनेकांची गाडी याच पुलावरून मागे वळते.

आता हिशेब मांडू. पूर्णगडहून पुणं साडेतीनशे किलोमीटरच्या घरात. पावस, हातखंबा, पाली, साखरपा, मग आंबा घाट, वर मलकापूर, तिथून कोकरूडमार्गे कऱ्हाड आणि पुढे हायवे. मॅप 'आठ तास' म्हणतो. मॅपला भूक लागत नाही आणि टॉयलेटलाही जावं लागत नाही, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. सकाळी उशिरा उठणं होतं, शेवटची एकदा समुद्रात डुबकी होते, मग किल्ला, मग 'जाता जाता' म्हणून माशाचं ताट. भात, सोलकढी, तळलेली तुकडी. निघायला तीन वाजतात.

दुपारी दोन ते चारच्या दरम्यान शरीराची घड्याळातली झोप येतेच, जेवलं असो वा नसो. त्यावर भाताचं ताट. म्हणजे प्रवासाची सुरुवातच पेंगण्याच्या वेळेला. घाट चढेपर्यंत सहा. तिथून पुढे अंधार आणि उसाच्या हंगामात मलकापूर-कऱ्हाड पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. समोरून येणाऱ्याचा हाय बीम डोळ्यांत असताना ती ट्रॉली दिसते तेव्हा ती पंधरा फुटांवर असते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांत अपघातांची वेळेनुसार विभागणी दिलेली असते. त्यात संध्याकाळी सहा ते नऊ हा सगळ्यात वाईट कालखंड म्हणून पुन्हा पुन्हा येतो. तुमचा घाटानंतरचा सगळा टप्पा नेमका त्यातच. साताऱ्याला साडेनऊ, खंबाटकी, रविवार रात्रीचं ट्रॅफिक, आणि दिवसभराचा सगळ्यात थकलेला क्षण कधी येतो, तर कात्रजचा नवा बोगदा संपून नवले पुलाचा उतार लागतो तेव्हा.

झोप ही ताकदीची गोष्ट आहे असं आपल्याकडे फार जण मानतात. 'मला नाही येत झोप गाडी चालवताना' हे वाक्य मुलं बायसेप दाखवल्यासारखं म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये एक छोटा निबंध छापला होता. सलग १७ तास जागलेल्या माणसाचा हात आणि नजर यांचा मेळ हा रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकाच बिघडलेला असतो, असं त्यांना आढळलं. आपल्याकडे कायद्याची मर्यादा आहे ०.०३. म्हणजे सकाळी सहाला सूर्योदयाचा फोटो काढायला उठलेला मुलगा रात्री अकराला पुण्यात शिरताना, एक थेंबही न पिता, साधारण कायद्याने प्यायलेल्या माणसासारखाच स्टिअरिंगवर असतो. फक्त त्याचा निकाल ब्रेथ अॅनालायझरवर लागत नाही.

आणि झोप अशी सांगून येत नाही. डोळे उघडे असताना मेंदू तीन-चार सेकंद बंद पडतो. ताशी ८० च्या वेगाने चार सेकंदांत गाडी जवळपास ९० मीटर जाते. क्रिकेटच्या चार पिच एकापुढे एक ठेवा, तेवढं अंतर कुणीही न चालवता. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, यांनी पाच-दहा मिनिटं तरतरी येते, पुढे काही नाही. चहा-कॉफी काम करते, पण अंगात भिनायला वीस-तीस मिनिटं घेते. म्हणून साखरप्याला चहा पिऊन लगेच घाटाला लागण्यापेक्षा चहा प्यायचा आणि गाडीतच वीस मिनिटं डोळे मिटायचे. उठेपर्यंत चहा कामाला लागलेला असतो.

आता खरा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त खटकतो. चालवतं कोण?

माझ्या ओळखीच्या कितीतरी जोड्यांमध्ये दोघांकडे लायसन्स आहे. ती रोज पुण्यात ऑफिसला किंवा कॉलेजला गाडी नेते. पण ट्रिपला निघाल्यावर ड्रायव्हर सीट आपोआप त्याची होते. तिच्याकडे टोल, मॅप, पाण्याची बाटली, चिप्सचा पुडा आणि इन्स्टा स्टोरी. 'तू झोप ग, मी आणतो सुखरूप' हे ऐकायला गोड वाटतं. सिनेमात तर फारच गोड वाटतं. माझ्या मते ते वाक्य ट्रिपमधलं सगळ्यात धोक्याचं वाक्य आहे, कारण त्यानंतर गाडीत झोप आली असं कबूल करायची सोय उरत नाही. त्याला हरल्यासारखं वाटतं आणि तिला विचारलं तर 'संशय घेतेस का' असं होतं. एका मैत्रिणीने तर सांगितलं, 'त्याच्या पापण्या मिटताना दिसत होत्या, पण चार दिवस छान गेले होते, म्हटलं आता शेवटी कशाला भांडण.' म्हणजे मूड बिघडू नये म्हणून ती गप्प बसली, घाटात! यावर हसावं की रडावं कळत नाही.

तिच्या बाजूचीही एक अडचण आहे, ती प्रामाणिकपणे मांडायला हवी. बऱ्याच मुलींना घाटात, हायवेवर चालवायला कधी मिळालेलंच नसतं. घरच्या ट्रिपला बाबा चालवतात, मग दादा. सवय होणार कधी? रात्रीच्या आंबा घाटात पहिल्यांदा शिकता येत नाही हे खरंच. पण जातानाचा दिवसाउजेडातला रस्ता कशासाठी असतो? गुहागर ते जयगड तिने चालवलं असेल, तर परत येताना कऱ्हाडनंतर ती चालवू शकते. कोण किती चालवणार हे जाण्याआधी ठरवायचं, येताना नाही. थकलेल्या माणसाला आपण थकलोय हे सगळ्यात शेवटी कळतं.

जो चालवत नाही त्याचंही एक काम आहे. सीट पूर्ण मागे पाडून, पाय डॅशबोर्डवर टाकून झोपलेल्या मुलीचा फोटो रील्समध्ये फार शोभतो. एअरबॅग पापणी लवायच्या आत उघडते आणि त्या पायांना थेट तिच्याच चेहऱ्याकडे ढकलते. सीट आडवी असली की बेल्ट छातीवर-कमरेवर राहत नाही, माणूस त्याखालून सरकतो. २०२२ मध्ये देशात सीटबेल्ट न लावलेले १६,७१५ जण अपघातांत गेले आणि त्यातले ८,३३१ म्हणजे जवळजवळ निम्मे चालक नव्हते, बाजूला किंवा मागे बसलेले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उद्योजक सायरस मिस्त्री उदवाड्याहून मुंबईला परतत होते, पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघात झाला. पुढचे दोघे वाचले, मागच्या सीटवरचे दोघे गेले. महागडी गाडी होती, दिवसाउजेडी दुपार होती.

बाइकवरच्या जोड्यांना तर एवढीही मुभा नाही. तिथे मागच्याने झोपणं म्हणजे पडणं. २०२२ मध्ये हेल्मेट न घातल्याने दगावलेल्या मागे बसणाऱ्यांची संख्या होती १४,३३७. दुसरं हेल्मेट 'उगाच सांभाळावं लागतं' म्हणून घरी ठेवणाऱ्यांनी हा आकडा एकदा पुन्हा वाचावा. बाइकवरून पूर्णगड-पुणे एका दिवसात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना जमतं त्यांना जमू दे.

मग एवढं कळत असून सगळे तीन वाजता निघून रात्री बारापर्यंत पोहोचायची धडपड का करतात? त्याची कारणं रस्त्यावर नसतात. एक कारण भाड्याची गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली सेल्फ ड्राइव्ह गाडी रात्री दहाला परत करायची असते, पुढे तासाला दंड. तो दंड वाचवायला लोक नव्वद-शंभरने घाटाखालून निघतात. बुकिंग करतानाच सहा तास जास्तीचे घ्या, चार दिवसांच्या खर्चात ते दोन जेवणांच्या किमतीत बसतात.

दुसरं कारण घर. दोघं ट्रिपला गेलेत हे घरी माहीतच नसतं. कुणी 'इंडस्ट्रियल व्हिजिट' सांगितलेली असते, कुणी 'रूममेटच्या ताईचं लग्न'. ती थाप टिकायची तर रविवारी रात्री जेवायला घरात हजर असावं लागतं. वाटेत कऱ्हाडला किंवा कोल्हापूरला मुक्काम टाकायचा पर्याय म्हणूनच डोक्यात येत नाही. शिवाय लॉजवाल्याच्या नजरेचं टेन्शन. लग्न न झालेल्या दोन सज्ञान माणसांनी स्वतःचं ओळखपत्र दाखवून एका खोलीत राहण्याला आपल्याकडे कुठल्याही कायद्याने बंदी केलेली नाही. पण काउंटरवरचा माणूस 'कपल नाही चालणार' म्हणतो, आणि रात्री नऊला कायदा समजावून सांगायचं त्राण कुणात असतं? हे दुःख खरं आहे आणि त्याचा राग पालकांवर, लॉजवाल्यांवर, समाजावर काढायचा तर जरूर काढा. फक्त तो अॅक्सिलरेटरवर काढू नका. आई-बाबांना सांगायचं की नाही हा तुमचा प्रश्न. पण एका तरी माणसाकडे, मावसभावाकडे, हॉस्टेलच्या मैत्रिणीकडे, लाइव्ह लोकेशन आणि गाडीचा नंबर असायला हवा. साखरप्याच्या पुढे मोबाइलची रेंज जाते-येते. तिथे काही झालं आणि तुम्ही जिल्ह्यात आहात हेच कुणाला ठाऊक नसेल, तर १०८ ची अॅम्ब्युलन्स येईलही, पण हॉस्पिटलमध्ये फॉर्मवर सही कोण करणार?

रस्त्यांचं काय, असं कुणीतरी म्हणेलच. म्हणा. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा बालवाडीत असलेली मुलं आज कॉलेजात बसून हे पान वाचतायत आणि वळणाचे बोर्ड अजून बदलतायत. त्याबद्दल जितकं बोलू तितकं थोडं. पण खड्डा तिथे आहे हे माहीत असताना त्यावरून रात्री नऊला जायचं की सकाळी नऊला, एवढं तरी आपल्या हातात आहे. ट्रक-बसच्या ड्रायव्हरसाठी १९६१ मध्ये कायदा झाला होता : दिवसाला साधारण आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. तो किती पाळला गेला हा वेगळा विषय. पण ज्यांचा हा रोजचा धंदा आहे त्यांच्यासाठीसुद्धा कुणाला तरी पाच तासांची रेघ ओढावीशी वाटली. आपण वर्षातून दोनदा घाट चढणारे लोक, आपल्याला ती नको?

पूर्णगडपुरतं सांगायचं तर किल्ला आदल्या संध्याकाळी बघा. तट पश्चिमेला समुद्रावर आहे, सूर्य तिथेच बुडतो, सकाळी तिथे वेगळं काही मिळत नाही. रात्री पावसला किंवा गावखडीला राहा, घरगुती खोल्या मिळतात, आधी फोन करा म्हणजे काउंटरवरचा प्रसंगही टळेल. पहाटे सहाला निघा. नऊच्या आत घाट चढून होतो, दुपारी दोन-तीनपर्यंत पुणं. पेंगण्याची वेळ येते तेव्हा तुम्ही स्वतःच्या खोलीत असता. आणि ज्यांना शेवटच्या दिवशीचं माशाचं ताट सोडवतच नाही, त्यांनी ते खुशाल खावं, दुपारभर लोळावं आणि सोमवारी सकाळी निघावं. पंच्याहत्तर टक्के हजेरीत एक सोमवार आरामात बसतो.