उपासाचे माहेर

पेरूच्या लिमा शहरात पाऊस जवळजवळ पडतच नाही. आषाढात तिथे हिवाळा. समुद्रावरचे धुके दिवसभर डोक्यावर. आषाढी एकादशी नेमकी तिथेच आली. माझ्या आईमागे सौ.ने हा उपास कधी चुकवला नव्हता. ‘या मुलखात उपासाचे काय मिळणार?’ म्हणून ती कष्टी झाली.

सुर्कियोच्या मंडईत गेलो आणि पाहतो तो काय! पिवळे, जांभळे, काळपट बटाटे, भुईमुगाच्या शेंगा, ज्यापासून आपला साबुदाणा होतो ते कसाव्याचे कंद, शेजारी मिरच्यांच्या राशी. पिझारोने १५३५ साली लिमा वसवले, त्याच्या हजारो वर्षे आधीपासून बटाटा याच डोंगरांत पिकतो आहे. बाकीची मंडळीही याच खंडाची लेकरे. समुद्र ओलांडून आपल्याकडे आली.

हे सांगताच सौ. गंभीर झाली. “म्हणजे सासूबाई जन्मभर परदेशी अन्नावर उपास करीत होत्या?”

“होय. पण तो पांडुरंगाला पोचला नसेल, असे म्हणवेल तुला?”

ती काही बोलली नाही. उकडलेल्या बटाट्यावर मीठ घालून तिने देवाचे नाव घेतले.

वाचकहो, पुढच्या एकादशीला खिचडी पानात पडेल, तेव्हा तिच्या माहेरची जरूर आठवण काढा!