वऱ्हाडच्या भगिनीमंडळाचा जन्म कुठे झाला?

१/ अमेरिकेत विद्यार्थिनींच्या भगिनीसंस्थांचा इतिहास महाविद्यालयाच्या आवारात सुरू होतो. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी १९०८ साली ‘अल्फा कप्पा अल्फा’ स्थापली. १९१३च्या जानेवारीत तेथेच २२ जणींनी ‘डेल्टा सिग्मा थीटा’ उभारली आणि मार्चमध्ये त्या स्त्री-मताधिकाराच्या मिरवणुकीत चालल्या.

२/ वऱ्हाडातील असा आरंभ शोधताना आपणही महाविद्यालयांकडेच वळतो. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज १९२३चे. तेथील दप्तरे चाळावीतच. परंतु आरंभ तेथे सापडेल, असे मला वाटत नाही.

३/ तो २० जुलै १९४२ रोजी नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय दलित महिला परिषदेत आहे. अध्यक्षस्थानी होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या. बाबासाहेब आंबेडकर भाषणास उपस्थित होते.

४/ ठराव पाहा : घटस्फोटाचा अधिकार, बहुपत्नीत्वास बंदी, कामगार स्त्रियांना पगारी रजा व निवृत्तिवेतन, विधिमंडळात राखीव जागा, स्त्रियांची स्वतंत्र अखिल भारतीय संघटना. आणि मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहे.

५/ या शेवटच्या मागणीवरून आपली नजर सहज पुढे सरकते. मला मात्र सर्वांत दूरदर्शी तीच वाटते. हॉवर्डच्या मुली विद्यापीठात पोहोचल्यावर भगिनी झाल्या. नागपुरात जमलेल्या बहुसंख्य स्त्रियांनी महाविद्यालयाचे फाटकही ओलांडले नव्हते. आपल्याला न मिळालेली खोली त्या पुढच्या पिढीसाठी मागत होत्या. भगिनीभावाची याहून मोठी कसोटी कोणती?

६/ आजही मेळघाटातील वा बाळापूरकडील मुलीचे शिक्षण पुष्कळदा गुणपत्रिकेवर ठरत नाही. अमरावतीत किंवा अकोल्यात खाट मिळाली, तर घरचे पाठवतात. नाही मिळाली, तर स्थळे पाहू लागतात. म्हणून वसतिगृहाचा प्रश्न ‘सोयी-सुविधां’च्या रकान्यात ढकलणे, हे मला इतिहासाचे अज्ञान वाटते.

७/ महाविद्यालयांचे गौरवग्रंथ संस्थापक, देणगीदार व इमारती यांनी भरलेले असतात. पुढील ग्रंथात एक प्रकरण वसतिगृहाच्या हजेरीपटावर लिहावे : पहिल्या वर्षी किती मुली होत्या, कोणत्या गावांच्या, कोणत्या जातींच्या, आणि कितीजणी परीक्षेपर्यंत टिकल्या.

८/ तुमची आई वा आजी अमरावती-अकोल्याच्या वसतिगृहात राहिली असेल, तर आज तिला एवढेच विचारा : खोलीत किती जणी होता? तिचे उत्तर लिहून ठेवा. आपल्या इतिहासाचे साधन तेच आहे.