‘होय’चा रकाना

‘पॅच लावला : होय / नाही.’ एका नागरी सहकारी बँकेतल्या वाचकाने आपल्या मुख्य कार्यालयाचा अनुपालन तक्ताच आमच्याकडे पाठवला आहे. त्यात एवढाच रकाना. ‘नाही’ लिहिले की दुसऱ्या दिवशी खुलासा मागणारे पत्र येते, म्हणून सतरा सर्व्हरांपुढे सतरा ‘होय’. तक्ता हिरवागार, ऑडिटर समाधानी. त्यांतले सहा सर्व्हर पॅच टाकल्यापासून रीबूटच झालेले नाहीत, हे त्याने पत्राच्या शेवटी, कानात सांगावे तसे लिहिले आहे. बाकीच्या पत्रांतही थोड्याफार फरकाने हीच रड आहे.

रीबूट राहिला म्हणजे डिस्कवर फाइल नवी आणि मेमरीत जुनीच चालू. बरे, रीबूट केला तरी काम संपले असे नाही. ऑक्टोबर २०२३ चे सिट्रिक्सब्लीड आठवा. नेटस्केलरचा पॅच १० तारखेला आला, हल्ले मात्र ऑगस्टपासून चालू होते. ज्यांनी त्याच रात्री पॅच लावला, त्यांचेही सेशन टोकन आधीच चोरीला गेलेले असू शकत होते. चालू सेशन किल केल्याखेरीज ते टोकन पॅचनंतरही वापरता येई आणि ओटीपी विचारण्याची वेळच येत नसे. जुलै २०२५ मध्ये शेअरपॉइंटची तीच गत. ८ तारखेच्या पॅचला हल्लेखोरांनी त्याच महिन्यात वळसा घातला. तातडीचा पॅच आला, पण मशीन-की बदलून आयआयएस पुन्हा सुरू केल्याशिवाय त्याचा उपयोग अर्धाच. हे सगळे त्या एका रकान्यात कुठे लिहायचे?

तक्ता करणाऱ्याला हे विचारायचेच नसावे, कारण विचारले की डाउनटाइम द्यावा लागेल. खरे घोडे तिथेच अडते. मुख्य कार्यालयाचे परिपत्रक म्हणते, गंभीर पॅच ४८ तासांत लावा. त्याच कार्यालयाची चेंज कमिटी महिन्यातून एकदा बसते आणि डाउनटाइम देते तो सुटीच्या शनिवारी, दुसऱ्या नाही तर चौथ्या. मायक्रोसॉफ्टचे पॅच येतात दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री. तो मंगळवार ११ ते १४ तारखेदरम्यान आला की दुसरा शनिवार उलटून गेलेला असतो आणि चौथा उजाडायला अकरा दिवस असतात. एका कमिटीने तर ‘या पॅचमुळे कोणतीही अडचण येणार नाही’ असे हमीपत्र सिस्टिम अ‍ॅडमिनकडून मागितले. पॅच न लावल्याने अडचण येणार नाही, याचे हमीपत्र कमिटी देते काय? सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना सहा तासांत कळवायची आहे. म्हणजे घरफोडीची वर्दी सहा तासांत, आणि कुलूप बसवायला पुढच्या बैठकीची वाट!

कमिटीवाले १९ जुलै २०२४ कडे बोट दाखवतात. क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रांचे पडदे निळे झाले, हे खरेच. पण त्यावरून अपडेट आधी दोन यंत्रांवर लावून पाहावे, एवढेच ठरते. टेस्ट सर्व्हरचा प्रस्ताव मात्र ‘पुढील आर्थिक वर्षी विचार व्हावा’ असा शेरा घेऊन परत येतो. थांबण्याची किंमतही माहीत आहे. एमएस१७-०१० चा पॅच १४ मार्च २०१७ ला आला, वॉनाक्राय १२ मे रोजी. हातात ५९ दिवस होते.

आता थोडे आपल्याच मंडळींविषयी. ‘आमचा सर्व्हर ४०० दिवस बंद झालेला नाही’ असे मिरवणारे वाचक अजून आहेत. लाइव्ह पॅचिंग नसेल, तर याचा अर्थ ४०० दिवसांतला कर्नलचा एकही पॅच लागू झालेला नाही. बँकेच्या भाषेत याला थकबाकी म्हणतात.

म्हणून विनंती एकच. या महिन्याचा तक्ता भरताना पॅच लागला, रीबूट झाला, आवृत्ती तपासली, लागू असेल तिथे सेशन किल केली आणि की बदलल्या, एवढे झाले असेल तरच ‘होय’ लिहा. एक जरी बाकी असेल तर ‘नाही’. शेजारी डाउनटाइम मागितल्याची तारीख, नाकारल्याची तारीख आणि नाकारणाऱ्याचे पद लिहा. खुलासा मागितला जाईल. तो शेजारीच लिहिलेला असेल. एकट्याचा ‘नाही’ अंगाशी येतो, हे आम्ही जाणतो. म्हणून त्या नोंदी बँकेचे आणि माणसांचे नाव गाळून आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात सगळ्या एकत्र छापू.